मुलांना जोडा घेताना

भगिनींनो, आपल्या घरी मुलांच्या पायताणाची खरेदी बहुधा दोनदाच होते. सोयाबीनचे पैसे हाती आले की धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास, आणि दुसरी चौदा एप्रिलच्या आधी. दोन्ही वेळी नजर जाते ती चकचकीत काळ्या बुटाकडे. त्यात नवल नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या गल्लीतून वहाणा हातात घेऊन जावे लागले, त्यांना नातवाच्या पायात बूट पाहावासा वाटणारच! पण कोवळ्या पायाला तो मानवतो का, हेही पाहावे.

कर्नाटकातील डॉ. राव व डॉ. जोसेफ यांनी २३०० मुलांचे पाय तपासले व १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पायताण वापरणाऱ्यांत सपाट तळव्याची मुले शेकडा ८.६, अनवाणी हिंडणाऱ्यांत २.८. बंद बूटवाल्यांत प्रमाण सर्वांत जास्त.

तेव्हा घरात मूल अनवाणीच खेळू द्या. शेतात मात्र नको. तुरीचे धसकट तळव्यात घुसते, आणि घाण झालेल्या ओल्या मातीतून हूकवर्मचे जंत कातडीवाटे शरीरात शिरतात.

बाजारात जाण्याआधी मुलाला कागदावर उभे करून दोन्ही पावलांभोवती रेघ ओढा. कापलेला कागद बुटात दुमडला, तर तो जोडा घेऊ नका. पुढून रुंद, टाचेला सपाट, हाताने वाकणारा असावा. ‘वाढते अंग’ म्हणून दोन नंबर मोठा घेतला की पोर ठेचकाळते. ऑक्टोबरात साधा कापडी जोडा उत्तम. एप्रिलच्या डांबरी रस्त्याला मात्र तळ जरा जाड हवा, नाहीतर पाय भाजतात.