मोजमाप : चकचकीत बसबारवरचे ४१ अंश

भोसरीतल्या एका कारखान्यात गेल्या आठवड्यात मुख्य पॅनलची नोंदवही चाळली आणि संताप आला. एकाच सांध्यासमोर महिनोन्महिने ४०, ४१, ४१ अंश आणि पुढे शेरा ‘ठीक’. त्याच सांध्यापासून वीतभर अंतरावर बसबारची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्टीची, काळी स्लीव्ह करपायला लागली होती.

फोरमनला म्हटलं, तापमान मोजायची इन्फ्रारेड गन स्लीव्हवर धरा. ६४ अंश. सांध्याच्या उघड्या ॲल्युमिनियमवर पुन्हा ४१. सांधा तापतो म्हणून पट्टी तापते. मग उष्णतेच्या उगमापाशीच आकडा कमी कसा?

‘‘साहेब, गन नवीच आहे,’’ तो म्हणाला.

खरंच, गनमध्ये बिघाड नव्हता. ती पृष्ठभागाकडून येणारं अवरक्त प्रारण टिपते आणि त्यावरून तापमानाचा हिशेब मांडते. स्वस्त गनमध्ये हा हिशेब बहुधा ०.९५ एमिसिव्हिटी (पृष्ठभाग किती प्रारण सोडतो याचं प्रमाण) धरून कायमचा ठरवलेला असतो. काळ्या स्लीव्हला, रंगवलेल्या पत्र्याला तो चालतो. चकचकीत ॲल्युमिनियमची एमिसिव्हिटी मात्र ०.१ च्याही खाली असू शकते. ते स्वतःचं प्रारण फारसं सोडत नाही, समोरच्या भिंतीचंच परत पाठवतं. भौतिकशास्त्रज्ञ जॉन लेस्लीने १८०४ मध्ये गरम पाण्याच्या एकाच डब्याची काळी आणि चकचकीत बाजू तपासून हा फरक दाखवला होता.

रविवारी शटडाउन घेऊन, वीज तोडून, अर्थिंग करून सांध्यालगत काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला. सोमवारी पूर्ण लोडवर त्याच गनने टेपवर ७८ अंश दाखवले. पुन्हा वीज तोडून पाहिलं, तर बोल्ट ढिला, वॉशरखालचा भाग काळा पडलेला.

माझा जुना राग खरेदी खात्यावर आहे आणि तो कायम आहे. सर्वांत कमी कोटेशन पाहून वस्तू घ्यायची, ती कुठे वापरायची हे मेंटेनन्सला विचारायचंच नाही. शिवाय गनच्या इतर मर्यादाही कुणी सांगत नाही. लेझरचा लाल ठिपका तर फक्त नेम दाखवतो. अंतर आणि मोजलेल्या वर्तुळाचा व्यास यांचं गुणोत्तर १२:१ असलेली गन एक मीटरवरून आठ सेंटिमीटरचं वर्तुळ पाहते. पट्टी त्याहून अरुंद असेल तर मागचा पत्राही मोजला जातो. पारदर्शक ॲक्रिलिकआडून धरली, तर ॲक्रिलिकचंच तापमान मिळतं.

तेव्हा मेंटेनन्सवाल्यांनो, पुढच्या शटडाउनला प्रत्येक उघड्या सांध्यालगत टेप लावून घ्या. ८० अंशांच्या वर जाणाऱ्या जागी साधी टेप टिकणार नाही, तिथे उष्णता सोसणारा मॅट रंग लावा. तोवर नोंदवहीत ‘ठीक’ लिहू नका.