ओपन, क्लोज आणि कापसाचा चुकारा



जिल्हा बैठकीत मटक्याचा किंवा मोबाइलवरच्या रमीचा विषय काढला, की कोणीतरी हटकून म्हणतो, "भाऊ, भावाचं बोला. हे कीर्तनकाराचं काम आपल्याला कशाला?" त्यामागचा राग मला कळतो. शहरातला शहाणा माणूस शेतकऱ्याच्या कर्जाचा हिशेब मांडायला बसला, की पहिली नोंद लग्नाची करतो, दुसरी दारूची, तिसरी जुगाराची. उत्पादनखर्च त्याच्या वहीत येतच नाही. या खोट्या हिशेबाला आपण वर्षानुवर्षे उत्तर दिले आणि ते बरोबरच दिले. ज्वारीचा भाव खर्चाला पुरत नाही, त्याला पत्ते जबाबदार नाहीत. पण तेच उत्तर आता आपल्या घरात आडोशासारखे वापरले जाऊ लागले आहे. कर्ज भावामुळे झाले, हे खरेच. मात्र त्या कर्जावर उतारा म्हणून आकडा लावणारा माणूस आणखी खोल जातो, आणि त्याबद्दल आपण बोलत नाही.

मटक्याचा जन्म कापसाच्या पोटी झाला, हे किती जणांना माहीत आहे? न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी उघडताना आणि संध्याकाळी बंद होताना जो दर निघे, तो तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत असे. त्या दरावर मुंबईत पैजा लागत. ओपन आणि क्लोज हे शब्द तिथले. १९६१ साली न्यूयॉर्कहून दर येणे थांबले. धंदा मात्र थांबला नाही. आकडे चिठ्ठ्यांतून आणि पुढे पत्त्यांतून काढायला सुरुवात झाली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा मटका निघाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा. गिरणगावातला कामगार त्यांचे मोठे गिऱ्हाईक होता. म्हणजे कापूस पिकवणारा आणि कापसाचे सूत काढणारा, दोघांच्याही खिशाला एकाच धंद्याने हात घातला. पिकवणाऱ्याला न्यूयॉर्कचा दर कधी मिळाला नाही, त्या दरावरचा जुगार मात्र त्याच्या पानटपरीपर्यंत येऊन पोचला!

आता त्याचा हिशेब करू. शून्य ते नऊ असे दहा आकडे. तुम्ही एकावर रुपया लावता. लागण्याची शक्यता दहात एक. लागला तर खायवाल साधारण नऊ रुपये देतो. जोडीची शक्यता शंभरात एक, देणे साधारण नव्वद. म्हणजे खेळाच्या प्रत्येक फेरीत रुपयामागे दहा पैसे खायवालाकडे राहतात, आकडा कोणाचाही लागो. बाजार समितीत कोणी शेकडा दहा अडत कापली, तर आपण ट्रॅक्टर आडवे लावू. इथे ती रोज कापली जाते आणि वर आपण खायवालालाच चहा पाजतो. शिवाय जिंकलेला पैसा घरी कोण नेतो? तो पुन्हा लागतो. चुकाऱ्यातले दहा हजार असे फिरवत राहिलात, तर सरासरीने सातव्या फेरीला चार हजार सातशे त्र्याऐंशी उरतात आणि बाविसाव्या फेरीला हजाराच्याही आत येतात. मागचे चार्ट काढून, रेषा मारून पुढचा आकडा शोधणारे गावोगाव आहेत. चिठ्ठीला कालचा आकडा आठवत नाही. त्या वहीचा उपयोग ती विकणाऱ्याला.

यावर ठरलेले उत्तर येते: "शेती तरी काय, जुगारच हाय." मी शेतीचे शिक्षण घेतले म्हणून या वाक्याचा मला विशेष राग आहे. कोरडवाहू शेतीत जोखीम आहे, कोण नाही म्हणतो? पण ती जोखीम अकलेने कमी करता येते. पुरेशी ओल झाल्याशिवाय पेरायचे नाही, कपाशीत तुरीच्या ओळी टाकायच्या, ज्वारीला जागा ठेवायची म्हणजे कडब्याची तरी सोय होते. एक पीक गेले तर दुसरे हात देते. मटक्यात आंतरपीक नसते. तिथे अनुभव, कष्ट आणि डोके यांना दहा पैशांचीही किंमत नाही. शक्यता अगोदरच ठरवून ठेवलेली असते आणि ती ठरवणाराच समोर बसलेला असतो.

मोबाइलने यात भर घातली. मटक्याला निदान टपरीपर्यंत चालत जावे लागे, ओळखीचा कोणी पाहील अशी धास्ती असे. मोबाइलवर माणूस जागलीला गेला की मचाणावर बसून खेळतो. रमी हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालय १९६७ साली म्हणाले होते. त्याच्या आडून कंपन्यांनी दुकाने थाटली. जाहिरातीच्या शेवटी 'सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा' हे वाक्य आगगाडीच्या वेगाने म्हटले जाई. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण छापला की कंपनीची जबाबदारी संपते, फवारणाऱ्याची सुरू होते. तोच हा प्रकार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ बंद केले. पण मटका तर १८८७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तो बंद झालेला तुम्ही पाहिला आहे का? लिंक पाठवून खेळवणारे उद्याही असतील.

जबाबदारीने खेळणे म्हणजे काय, ते मी सरळ सांगतो. दिवाळीत घरच्यांबरोबर दहा-वीस रुपयांचे पत्ते खेळून उठणाऱ्याशी माझे भांडण नाही. बियाण्याचा, शाळेचा आणि कर्जाच्या हप्त्याचा पैसा बाजूला काढल्यावर जे उरते आणि गेले तरी चूल अडत नाही, तेवढेच त्याने लावावे. उधारीवर खेळू नये. गेलेले काढायला पुन्हा बसू नये. कोरडवाहू शेतकऱ्याने हा नियम प्रामाणिकपणे लावला, तर बहुतेक वर्षी त्याच्याकडे लावायला काही उरतच नाही. आणि ज्याला उठताच येत नाही, त्याच्यासाठी मर्यादा हा उपाय नाही. त्याने पूर्णच थांबले पाहिजे आणि त्यासाठी त्याला मदत लागते.

कारण तो आजार आहे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० सालीच जुगाराची ओढ आजारांच्या यादीत घेतली आणि २०१३ मध्ये तिला दारू-अफूच्या व्यसनांच्या रांगेत बसवले. माझ्या ओळखीच्या एका घरातला चोवीस वर्षांचा मुलगा, शेतात राबणारा, तंबाखूलाही न शिवणारा. रमीत पहिल्या आठवड्यात चार हजार जिंकला. पुढच्या दोन हंगामांत पीककर्ज गेले, मग कर्ज देणाऱ्या ॲपचे पैसे, मग मित्रांचे. घरी सांगायचा, कापूस ग्रेडमध्ये कापला गेला, व्यापाऱ्याने चुकारा थकवला. बापाने व्यापाऱ्याशी भांडण केले! बैलजोडी विकायची वेळ आली तेव्हा मायने त्याला एकट्याला विहिरीकडे जाताना पाहिले आणि मागोमाग गेली. म्हणून तो आज आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात त्याला काही महिने नेले. मध्ये एकदा घसरला, पुन्हा गेला. आता खाते बापाच्या आणि त्याच्या जोड नावाने आहे आणि त्याच्या हाती बटणाचा फोन आहे.

कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, की बोंडे फोडून पाहण्याची वाट न पाहता आपण बोंडअळीवर उपाय करतो. तशाच या खुणा आहेत. लावायची रक्कम वाढत जाते. खेळला नाही की चिडचिड होते. हरलेले काढायला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. किती गेले ते घरी खोटे सांगतो. उसनवारीची माणसे दूरदूरची होऊ लागतात. यातल्या तीन-चार दिसल्या तर पंचायत बसवू नका, चारचौघांत शिव्या देऊ नका. लाज वाटली की माणूस लपतो, आणि लपला की अधिक खेळतो. आणि त्याची उसनवारी घरच्यांनी गुपचूप फेडू नये. ती फेडली की त्याला पुढच्या डावाचे भांडवल मिळते. आधी उपचार आणि खात्याची व्यवस्था, मग देणेकऱ्यांची यादी. मरणाची भाषा ऐकू आली तर मात्र काही आधी-नंतर नाही. त्याला एकटे सोडायचे नाही, कीटकनाशक कुलपात टाकायचे आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचे.

१४४१६ हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली ही सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते, मराठीत बोलता येते. घरच्या माणसानेही फोन करावा, बायकोने करावा, भावाने करावा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा डॉक्टरला खरे सांगायला भिऊ नका. खायवालाच्या उधारीलाही भिण्याचे कारण नाही: १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचे येणे कोर्टात वसूल करता येत नाही. त्यापायी सातबारा कोणाच्या हवाली करू नका, कोऱ्या स्टॅम्पवर सही करू नका. धमकी आली तर तालुका शाखेला कळवा, चार माणसे बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जाऊ.

येत्या बैठकीत मी दोन ठराव मांडणार आहे. कापूस खरेदीच्या महिन्यांत मानसोपचाराचे पथक आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावे, ही मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे करायची. आणि प्रत्येक गाव शाखेने दोन माणसे नेमायची, त्यांतली एक बाई, ज्यांच्याकडे कोणीही रात्री-बेरात्री येऊन बोलू शकेल. नावे सुचवायची असतील तर ती येताना लिहून आणा.