तोंड न उघडताही अवमान

बऱ्हाणपूरला कोर्टाची भाषा हिंदी. त्यामुळे तिथली मराठी माणसेसुद्धा 'अदालत की अवमानना' म्हणतात. आपल्या घरांत कन्नड शब्द चालतो, 'न्यायांग निंदने'. शब्दातच निंदा असल्यामुळे समज असा होतो, की न्यायाधीशांना वाकडे बोलले की अवमान. वाचकहो, ही गोष्ट अर्धीच खरी.

1971 च्या कायद्यात अवमानाचे दोन प्रकार आहेत. न्यायालयाची बदनामी किंवा कामकाजात अडथळा, हा फौजदारी. हुकूम जाणूनबुजून न पाळणे किंवा न्यायालयाला दिलेली हमी मोडणे, हा दिवाणी. दुसऱ्यात तोंडही उघडावे लागत नाही!

बऱ्हाणपूरची तापी पुढे नंदुरबार जिल्ह्यातून जाते. त्या जिल्ह्यातल्या नवापूरचे नेते सुरुपसिंग नाईक महाराष्ट्राचे वनमंत्री होते. केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या परवानगीशिवाय कोणत्याही राज्याने आरागिरण्या, प्लायवूडचे कारखाने सुरू होऊ देऊ नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली दिला होता. तरीही राज्यात काही कारखान्यांना मोकळीक मिळाली. 10 मे 2006 रोजी नाईक आणि वन खात्याचे प्रधान सचिव अशोक खोत या दोघांना एकेक महिन्याची कैद झाली. माफी मागितली होती, पण न्यायालयाने ती मानली नाही. शिक्षा समोर दिसल्यावर मागितलेल्या माफीला फारसे वजन नसते. उलट प्रशांत भूषण यांना 2020 साली दोन ट्वीटबद्दल दंड झाला तो एक रुपया!

मंत्र्यांचे राहू द्या. आपल्या घरांत हा प्रश्न येतो तो वाटणीच्या दाव्यात. सामाईक शेतावर मनाई हुकूम असतो, नि एक भाऊ रात्रीतून बांध फोडतो किंवा झाडे तोडून विकतो. वर म्हणतो, "मी कोर्टाला काय वाईट बोललो?" अशा वेळी दिवाणी न्यायालय त्याची मालमत्ता जप्त करू शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगातही ठेवू शकते. अवमानाच्या कायद्याखाली शिक्षा देण्याचा अधिकार मात्र उच्च व सर्वोच्च न्यायालयाचाच; तिथे सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

"जाणूनबुजून" हा शब्द महत्त्वाचा. हुकूम कळलाच नाही, किंवा पाळणे खरोखर अशक्य होते, तर गोष्ट वेगळी. हुकूम चुकीचा वाटला तर अपील करा, स्थगिती मागा. पण ती मिळेपर्यंत तो पाळावाच लागतो. आणि निकालावर सभ्य शब्दांत टीका करायला कायद्याची आडकाठी नाही. पारावर बसून खुशाल करा.

तुमच्या बाजूचा हुकूम समोरच्याने मोडला असेल, तर वकिलांकडे लवकर जा. अवमानाची कारवाई एका वर्षाच्या आत सुरू व्हावी लागते.