नोंद झाली तरच न्याय

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता अजून दिलेली नाही. लोकसभेने 2010 मध्ये संमत केलेले छळ प्रतिबंधक विधेयकही पुढे बारगळले. त्यामुळे कोठडीत मार खाल्लेल्या माणसाची भिस्त डॉक्टरच्या नोंदीवर असते. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली, ती यासाठीच. वळ काही दिवसांत पुसट होतात, धसका मात्र वर्षानुवर्षे राहतो. म्हणूनच डॉ. इंगे गेनेफके यांनी 1982 मध्ये कोपनहेगनला छळपीडितांसाठी उभारलेल्या केंद्राने छळाकडे वैद्यकीय प्रश्न म्हणूनही पाहिले. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात कंत्राटावर राबणाऱ्या, गाव सोडून आलेल्या कामगाराला अनेकदा ना जामीनदार मिळतो, ना ओळखीचा वकील. उपचार, नोंद आणि कायदेशीर मदत एकत्र देणारी संस्था इथे हवी.

अशा संस्थेवर 'हे लोक गुन्हेगारांना पाठीशी घालतात,' हा आक्षेप ठरलेला. पण गुन्हा ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब तिथे पुरावा ठरत नाही. मारहाणीने खटला भक्कम होत नाही. उलट भलताच माणूस अडकला, तर खरा आरोपी मोकाट राहतो. पोलिसांवर ताण आहे, हे मान्य. त्यावर उपाय पुरेसे मनुष्यबळ आणि शास्त्रीय तपास हाच. कोठडीतील प्रत्येकाला मोफत वकिलाचा हक्क 1987 च्या कायद्याने दिला आहे. कामगार संघटनांनी, डॉक्टरांनी आणि वकिलांनी तो आधी वस्त्यांपर्यंत पोहोचवावा.