म्हणे, हे नाटक मुलांचं नाही!

'घाशीराम कोतवाल' बघायला बारा-तेरा वर्षांच्या मुलांना न्यावं की नाही, यावर आमच्या घरात आणि मित्रमंडळीत बरंच बोलून झालंय. २०२५ साली हे नाटक हिंदीतून व्यावसायिक रंगमंचावर आलं, संजय मिश्रा नाना फडणवीस झाले, आणि विषय पुन्हा निघाला. बहुमत माझ्या विरुद्ध आहे. "लेकरांना घेऊन कुठं चाललाव ओ असल्या नाटकाला?" हा त्यातला सगळ्यात सौम्य सूर. तोंडी वादात मला कोणी वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून हे लिहून काढतेय. नातेवाईकांनी रागावू नये. रागावलात तरी शेवटपर्यंत वाचा.

माझं म्हणणं एवढंच: न्यावं. शेजारी बसून बघावं, आणि नंतर जे विचारतील त्याला उत्तर द्यावं.

आधी एक गोष्ट मिटवून टाकते. चार-पाच वर्षांच्या पोरांना कुठल्याच मोठ्या नाटकाला नेऊ नये, या मताची मीही आहे. त्यात संस्काराचा काही प्रश्न नाही. त्यांना झोप येते, शू लागते, वेफर्सची पिशवी वाजते आणि मागच्या रांगेतल्या माणसाचा संध्याकाळचा सत्यानाश होतो. त्यांना खुशाल 'अलबत्या गलबत्या'ला न्या. मी बोलतेय ती सहावी-सातवीच्या पुढच्या मुलांबद्दल, ज्यांना पेपर वाचता येतो आणि ज्यांच्या हातात आपणच मोबाईल दिलेला आहे.

आता नाटकात आहे तरी काय? विजय तेंडुलकरांनी लिहिलं, जब्बार पटेलांनी बसवलं, भास्कर चंदावरकरांनी संगीत दिलं. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात. कीर्तन, अभंग, लावणी, खेळे, तमाशा असं सगळं आपलंच सामान त्यात आहे. रंगमंचावर माणसांचीच एक भिंत उभी राहते, गाते, डोलते, आणि वेळ आली की पाठ फिरवते. गोष्ट अशी: कनौजचा एक गरीब ब्राह्मण पुण्यात येतो. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, अपमान होतो. तो सूड घ्यायचं ठरवतो. नाना फडणवीसाची नजर त्याच्या मुलीवर, गौरीवर जाते. बाप सौदा करतो. मुलगी नानाला, पुण्याची कोतवाली आपल्याला. पुढे गौरी मरते, कोतवाल शहराला छळतो, आणि काम संपल्यावर नाना त्याला जमावाच्या हवाली करतो.

"बघ, हेच! हे काय मुलांना दाखवायचं?" असं आमचे एक काका म्हणतात. काका, आता तुम्हाला एक जुनी आठवण करून देते. 'संगीत शारदा'. गोविंद बल्लाळ देवल, १८९९. त्यात कांचनभट नावाचा लोभी बाप आपल्या कोवळ्या मुलीचं लग्न पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लावायला निघतो. म्हणजे मुलीचा सौदाच. हे नाटक महाराष्ट्राने घरादारासकट बघितलं. त्यातली पदं मुलींच्या भोंडल्याइतकी पाठ झाली. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा 'शारदा कायदा' म्हणून ओळखला गेला तो खरं तर हरविलास सारडा यांच्या आडनावावरून, पण आपल्याकडे कित्येकांना तो देवलांच्या शारदेचाच वाटतो. इतकी ती मुलगी घराघरातली झाली होती. कोणी म्हणालं नाही की हा विषय लेकरांसमोर नको.

मग बापाने मुलगी विकण्याचा विषय शारदेत चालतो आणि घाशीरामात का चालत नाही? मला विचाराल तर कारण सोपं आहे. शारदेचं लग्न ऐनवेळी मोडतं. कोदंड येतो, अन्याय टळतो, आणि प्रेक्षक 'झालं बाई एकदाचं' म्हणत घरी जातो. दोष त्या लोभी बापाचा आणि त्या थेरड्याचा. आपण सुटलो. घाशीरामात कोणी कोदंड येत नाही. भिंतीतली माणसं सगळं बघत असतात, ताल धरतात, भजन म्हणतात, आणि मुलगी जाते. दोष कोणाचा, याचं उत्तर नाटक आपल्याला घरी न्यायला देतं. ते उत्तर मुलाने आपल्याला विचारावं, ही खरी भीती आहे.

दुसरा आक्षेप अश्लीलतेचा. बावनखणी आहे, चावट गाणी आहेत, नानाचे चाळे आहेत. हो, आहेत. पण उघडंवाघडं तिथे काही घडत नाही, सगळं सूचनेने आहे. आणि अश्लीलतेचा एवढा तिटकारा असेल तर शाळांच्या स्नेहसंमेलनात आपण काय करतो ते एकदा आठवा. तिसरीतल्या मुलीला नऊवारी, अंबाडा, भडक लाली, आणि सिनेमातली लावणी. ओठ कसा चावायचा, डोळा कसा मारायचा, हे आई मागे उभी राहून दाखवते. बाबा मोबाईल उंच धरून शूटिंग करतात. मग तो व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर येतो आणि आत्या, मामी सगळ्या बदाम पाठवतात. मी लावणीच्या विरोधात नाही. अकलूजची लावणी स्पर्धा आपल्याच जिल्ह्यातली, आणि लावणी ही मोठ्या बायकांची मोठी कला आहे. म्हणूनच विचारते: आठ वर्षांच्या मुलीने ती करून दाखवणं गोड, आणि तेरा वर्षांच्या मुलीने रंगमंचावर तिचा अर्थ काय होतो ते बघणं वाईट, हे गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

तिसरा आक्षेप हिंसेचा. इथे तर सोलापूरकरांनी बोलूच नये. आपल्या नाट्यगृहाचं नाव काय? हुतात्मा स्मृती मंदिर. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. कुर्बान हुसेन तर विशीतले. दर वर्षी त्या दिवशी आपण शाळेची पोरं रांगेने चार पुतळ्यांपुढे नेतो आणि फाशी म्हणजे काय, मार्शल लॉ म्हणजे काय, ते सांगतो. सांगायलाच हवं.

आणि त्याच आठवड्यात गड्ड्याची जत्रा. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागतं, लाखभर लोक पांढऱ्या बाराबंदीत अक्षता टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, दागिने घालून होमात अर्पण करतात. ती पेंढी म्हणजे तीच कुंभारकन्या. मी लहानपणी हे वडिलांच्या खांद्यावर बसून बघितलंय, तुम्हीही बघितलं असेल. माझ्या श्रद्धेला त्याने धक्का लागला नाही, आणि मी बिघडलेही नाही. 'ती का गेली आगीत?' हा प्रश्न मात्र पडला होता. चांगला प्रश्न होता. या गावातली मुलं परंपरेने इतकं काही बघत मोठी होतात, त्यांना प्रेक्षागृहातलं खोटं मरण झेपणार नाही, हे मला पटत नाही.

चौथा आक्षेप, जो फार लोक बोलत नाहीत पण मनात असतो: नानांसारख्या थोर माणसाबद्दल मुलांचं मत वाईट होईल. याला उत्तर आहे आणि ते पालकांनीच द्यायचं आहे. नाना फडणवीस खरे, घाशीराम कोतवाल खरा. १७९१ मध्ये कोठडीत कोंडलेली माणसं गुदमरून मेल्यावर पुण्यात जमाव भडकला आणि त्याने घाशीरामाचा जीव घेतला, हा इतिहास. गौरीचा सौदा हा नाटककाराने रचलेला. हे नाट्यगृहात जाण्याआधी सांगायला दहा मिनिटं लागतात. इतिहास आणि कल्पित यांतला फरक मुलांना एवढ्या स्वच्छपणे समजावून सांगायची संधी शाळेच्या पुस्तकात सहसा मिळत नाही. मोठ्यांना तरी तो कुठे कळला होता? मूळ संस्थेने, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, एकोणीस प्रयोगांनंतर हे नाटक थांबवलं. मग त्या कलाकारांनी थिएटर अकादमी काढली आणि जानेवारी १९७४ पासून ते पुन्हा सुरू झालं. तेव्हाचा गदारोळ मुलांच्या काळजीपोटी झाला नव्हता. मोठ्यांना झोंबलं होतं.

गंमत म्हणून दोन गोष्टी सांगते, पुरावा म्हणून नाही. हे 'मुलांचं नसलेलं' नाटक बसवणारे जब्बार पटेल व्यवसायाने मुलांचे डॉक्टर. शिवाय शाळा आपल्या सोलापुरातली. आणि लिहिणारे तेंडुलकर 'चिमणा बांधतो बंगला' हे बालनाट्य लिहिणारे. मुलं काय असतात हे या दोघांना तुमच्या-माझ्यापेक्षा कमी कळत होतं असं समजायचं कारण नाही.

असो. आता मुद्द्याचं.

मोठी माणसं हे नाटक बघताना कुठे हसतात, ते नीट बघा. नाना मुलीच्या मागे लागतो, तिथे हसतात. बावनखणीच्या टोमण्यांना हसतात. ठेका इतका सुरेख आहे की पाय आपोआप हलतो. लेखक-दिग्दर्शकाने लावलेला सापळाच आहे तो. शेजारी पुतणी किंवा भाची बसलेली असेल तर ते हसू घशात अडकतं. कारण ती हसत नसते. तिला लावणीतला चावटपणा निम्माच कळलेला असतो, पण सौदा पूर्ण कळलेला असतो. बाप मुलीला देऊन टाकतोय, एवढं तिला पुरे असतं. 'पंचाईत होते' असं आपण म्हणतो ती ही. पंचाईत तिची होत नाही, आपली होते. मग आपण तिच्या कोवळ्या मनाचं नाव पुढे करतो.

आणि तिला हे कळणं गरजेचं आहे. आपण मुलींना शिकवतो: अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नको, रिक्षात एकटी बसू नको. पण बलात्काराच्या बहुतेक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो, हे सरकारचीच आकडेवारी वर्षानुवर्षं सांगतेय. ओळखीच्या, मान असलेल्या, पाया पडायला लावलेल्या माणसाबद्दल आपण मुलींना काय शिकवतो? काही नाही. लग्नाचं बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींची लग्नं अठराच्या आत झालेली होती, आणि आपला सोलापूर जिल्हा या सरासरीच्या बराच वर होता. ही लग्नं कोणी जंगलात नेऊन लावलेली नाहीत. मांडव पडला, जेवणावळी उठल्या, आहेर झाले, आपल्यासारख्यांनी अक्षता टाकल्या. माणसांची भिंत म्हणजे दुसरं काय असतं?

शारदेपासून घाशीरामापर्यंत संगीत रंगभूमीने या एका गोष्टीची आठवण आपल्याला दोनदा करून दिली. ज्यांचा सौदा होतो त्या वयाच्या मुलींनाच तेवढं नाट्यगृहाबाहेर ठेवायचं, हा कुठला न्याय? आणि मुलांनाही न्या बरं का. भिंतीत पुढे उभं राहायचं की नाही, हे त्यांनाच ठरवायचं आहे.

नेताना काय करावं, तेही सांगते. सिनेमाच्या यूए प्रमाणपत्राला आता सात, तेरा, सोळा अशा वयाच्या पायऱ्या आल्या. नाटकाला तशा पायऱ्या नाहीत, तेव्हा तो निर्णय आपल्यालाच करायचाय. आधी स्वतः संहिता वाचा, पुस्तक सहज मिळतं. मुलाला गोष्ट आधीच सांगा. नाटक बघताना कानात कुजबुजत समजावू नका, आणि डोळ्यांवर हात तर मुळीच ठेवू नका. हात ठेवला की नेमकं काय बघायचं ते त्यांना कळतं. घरी आल्यावर लगेच परीक्षा घेऊ नका. प्रश्न येईल तेव्हा येईल, कदाचित चार दिवसांनी भाकरी खाताना येईल. तेव्हा 'तू अजून लहान आहेस' असं म्हणू नका. उत्तर येत नसेल तर तसं सांगा. एखादं मूल खरंच घाबरट असेल, नको म्हणत असेल, तर नेऊ नका. बळजबरीने दाखवण्याइतकं काहीच मोठं नसतं.

एवढं करायला वेळ नसेल, तर तसं सरळ म्हणा. ती अडचण मला समजते, नोकरी-घर सगळ्यांनाच आहे. फक्त त्या अडचणीला 'संस्कार' असं नाव देऊ नका.

काका, पुढच्या वेळी आपल्या गावात हा प्रयोग लागेल तेव्हा मी पाच तिकिटं काढणार आहे, दोन तुमच्या नातवंडांची. पाचवं तुमचं.