अंगरखा सर्वांचा, मान कोणाचा?

क्रिकेटचा मोठा सामना असला म्हणजे हल्ली आमच्या गावागावांतून निळ्या सदऱ्यांची रीघ लागते. ऊसतोडीच्या फडावरचे पोर असो की मागाशेजारी बसून कांड्या भरणारे असो, पाठीवर आवडत्या खेळाडूचे नाव व आकडा असलेला निळा सदरा त्यास पाहिजेच. पंधरा ऑगस्ट आला की त्याच पोराच्या हातात तिरंगा असतो. कित्येक शिष्ट मंडळी ह्या प्रकारास खूळ म्हणून हसतात. आम्ही हसत नाही. रंगावरून माणूस ओळखावा ही रीत आमच्या लोकांस कोणी शिकवावी लागली नाही. पताका दुरून दिसली की दिंडी आली हे शेतातल्या बाईस कळते. जोतिबाच्या चैत्री यात्रेत कोणत्या गावची सासनकाठी पुढे, ह्या मानासाठी गावेच्या गावे उभी राहतात. कापडाच्या एका तुकड्यामागे माणूस आपली अब्रू उभी करतो, हे आम्ही जाणतो. आणि म्हणूनच विचारतो, की देशाचे निशाण व देशाचा सदरा सर्वांचा असे जर आपण म्हणतो, तर त्यातील मान व मिळकत कोणाच्या वाट्यास येते?

रंग काही आकाशातून पडत नाहीत. इटलीच्या निशाणावर हिरवा, पांढरा व तांबडा असे तीन पट्टे. पण तेथील फुटबॉलचा संघ १९११ सालापासून निळा सदरा घालतो, कारण निळा हा तेथल्या सव्हॉय राजघराण्याचा रंग. पुढे १९४६ साली लोकांनी मते देऊन राजास घरी बसविले, पण त्याचा निळा मात्र ठेवून घेतला! हॉलंडच्या खेळाडूंचा नारिंगी रंगही असाच ऑरेंज घराण्याकडून आलेला. त्यांच्या निशाणात तो शोधूनही सापडावयाचा नाही. राजाच्या पेटीतले कापड रयतेने अंगावर घातले आणि वापरून वापरून आपले केले, असा हा मामला आहे. आमचा निळा तरी तिरंग्याच्या तीन पट्ट्यांत कोठे आहे? मधल्या चक्रात तेवढा आहे.

परंतु सगळेच कापड इतक्या सहज आपले होत नाही. दक्षिण आफ्रिकेत रग्बी नावाचा दांडगा खेळ आहे. त्या देशाच्या संघाचा सदरा हिरवा, कॉलर पिवळी, आणि छातीवर स्प्रिंगबॉक नावाचे हरिण. वर्णभेदाचे राज्य होते तोवर हा सदरा म्हणजे गोऱ्यांच्या मिजाशीचे चिन्ह होते. काळ्या लोकांस त्याचा इतका तिटकारा, की सामना असला म्हणजे ते आपल्या देशाविरुद्ध खेळणाऱ्या परक्या संघाचा जयघोष करीत. अशा माणसास देशद्रोही म्हणणे फार सोपे आहे. ज्यास वाड्याच्या दारात उभे राहू देत नाहीत, त्याने वाड्यावरच्या निशाणास रोज मुजरा करावा, अशी अपेक्षा वाड्यातल्यांनीच करावी!

ते राज्य गेले, आणि २७ एप्रिल १९९४ रोजी त्या देशावर नवे निशाण चढले. आता हे हरिणही फेकून द्या, असे पुष्कळांचे म्हणणे पडले. पण सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेले नेल्सन मंडेला हे २४ जून १९९५ रोजी जोहान्सबर्गच्या मैदानावर तोच हिरवा सदरा अंगात घालून उतरले. पाठीवर आकडा ६, म्हणजे गोरा कप्तान फ्रान्स्वा पिनार याचा. त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडवर १५ विरुद्ध १२ असा जय मिळविला आणि सारे जग टाळ्या वाजवू लागले. त्या टाळ्यांत आम्हीही सामील आहोत. इतके मोठे मन फार थोड्यांजवळ असते. मात्र टाळ्या वाजवून झाल्यावर डोकी मोजावी, ही आमची जुनी खोड आहे. त्या दिवशी मैदानावरील संघात गौरेतर खेळाडू एकच होता, चेस्टर विल्यम्स. आणि कसोटी सामन्यात त्या संघाचे कप्तानपद काळ्या माणसाकडे येण्यास २०१८ साल उजाडावे लागले. झ्विडे नावाच्या गरीब वस्तीत वाढलेला सिया कोलिसी हा तो कप्तान. २०१९ व २०२३ अशा दोन्ही खेपेस विश्वचषक त्याने आपल्या हातांनी उचलला. सदरा एका दुपारी सर्वांचा झाला. कप्तानी त्यामागून यावयास तेवीस वर्षे लागली.

ह्या हिशेबासाठी आफ्रिकेपर्यंत जावयास नको होते. आमच्या पुण्यातच पालवणकर बाळू होऊन गेले. जातीने चांभार. क्लबाच्या मैदानावर रूळ ओढणे, पट्टी झाडणे, जाळी लावणे ही त्यांची नोकरी. आणि गोऱ्या साहेबांस सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी अशी तयार झाली, की साहेबांची त्रेधा उडू लागली. पुण्याच्या हिंदू मंडळींस गोऱ्यांवर जय पाहिजे होता आणि बाळूवाचून तो मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा शास्त्रार्थ बाजूस राहिला व बाळूस संघात घेतले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलावा; चहाची वेळ झाली म्हणजे मात्र त्यांचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. म्हणजे चेंडू टाकीपर्यंत हा गृहस्थ हिंदू आणि चहा पिताना अस्पृश्य! १९११ साली हिंदुस्थानचा संघ विलायतेस गेला. कप्तान होते पतियाळाचे महाराज. शंभराहून अधिक गडी बाद केले ते बाळूंनी. इतके करूनही मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंच्या संघाचे कप्तानपद त्यांस कधी मिळाले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम हे ह्या अन्यायासाठी संघातून बाजूस झाले, तेव्हा कोठे बाळूंस उपकप्तान केले. पुढे १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले, आणि हिंदूंनी ते सामने जिंकले. ज्यांस भय होते की चांभार कप्तान झाला तर संघ बुडेल, त्यांनी पुढे काय तोंड दाखविले, हे ऐकावयास आम्हांस आवडले असते.

स्वराज्य आल्यावर जातीची आडकाठी कागदावरून गेली, पैशाची राहिली. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीस कुस्ती खेळावयास निघाले, तेव्हा देशाचे नाव छातीवर लावून जाणाऱ्या ह्या पैलवानाच्या वाटखर्चासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारतास ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळालेले ते पहिले पदक. १९८४ साली ते वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर. मेल्यावर पागोटे बांधण्याची आमच्या सरकारांची हौस जुनीच आहे.

आता निशाणाच्या कापडाकडे वळू, कारण हा विषय आमच्या कारागीर वाचकांच्या चुलीशी येऊन भिडतो. १९३१ साली काँग्रेसने घेतलेल्या निशाणाच्या मध्यभागी चरखा होता. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने त्या जागी अशोकचक्र घेतले. चरखा चित्रातून गेला, तरी कापडात राहिला होता. कारण निशाण हाताने कातलेल्या व हाताने विणलेल्या खादीचेच असावे असा दंडक होता. २००२ साली नवी ध्वजसंहिता आली, सामान्य माणसास वर्षातील कोणत्याही दिवशी आपल्या घरावर निशाण लावण्याची मोकळीक मिळाली, तरी कापडाचा दंडक कायम राहिला. आमच्या नांदेडास व हुबळीच्या बेंगेरीस त्या दंडकावर माणसे जगत. बेंगेरीच्या संस्थेचे कापड बागलकोट जिल्ह्यात विणले जाते. कातणाऱ्या, रंगविणाऱ्या व शिवणाऱ्या हातांत बायांचेच हात फार. धाग्यांची संख्या, रंगाची छटा, चक्राचे चोवीस आरे, सारे मापात बसले पाहिजे. नाही तर माल परत.

३० डिसेंबर २०२१ रोजी संहितेत दुरुस्ती झाली. यंत्रावर विणलेले व पॉलिएस्टरचे निशाणही चालेल असे ठरले. लगेच २०२२ च्या ऑगस्टात घरोघरी तिरंग्याची मोहीम निघाली. कोणी म्हणेल, खादी महाग. गरिबाने घरावर निशाण लावूच नये की काय? हा आक्षेप खोटा नाही. हातमजुराने एका झेंड्यासाठी दिवसाची कमाई घालावी असे आम्ही कधीही म्हणणार नाही. त्याच्या झोपडीवर स्वस्त झेंडा फडकला तर आनंदच आहे. परंतु सरकारी कचेऱ्या, शाळा, जिल्हा परिषदा व ग्रामपंचायती काही हातमजूर नव्हेत. त्यांच्या खरेदीस खादीचे बंधन ठेवण्यात गरिबाचे कोणते नुकसान होते, हे आम्हांस कोणी समजावून द्यावे. कातणारणीच्या हातचे काम काढून ते गिरणीच्या मालकास द्यावयाचे आणि वर तिलाच सांगावयाचे की बाई, झेंडा लाव, हा न्याय आम्हांस उमजत नाही. शिवाय हे पॉलिएस्टर कुजतही नाही. सोळा ऑगस्टला ते गटारीच्या तोंडाशी पडलेले दिसते, आणि उचलावयास पुन्हा झाडूवाल्याचेच पोर!

तेव्हा आमच्या वाचकांस आमची एक सूचना आहे. येत्या पंधरा ऑगस्टपूर्वी आपल्या गावच्या ग्रामसभेत उभे राहून विचारावे, की शाळेवर व पंचायतीवर चढणारे निशाण कोणत्या दुकानातून घेतले, ते कोठे विणले, आणि हातविणीचे नसेल तर का नाही. उत्तर तोंडी घेऊ नये. इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि त्याची एक नक्कल आमच्याकडे पाठवावी. आलेल्या नकला आम्ही गावांच्या नावांसह छापू.