निगेटिव्ह आता पेनड्राइव्हवर येते

मंगल परिणय पार पडला की महिना-दोन महिन्यांनी फोटोग्राफरकडून पेनड्राइव्ह येतो. घरातला मुलगा तो कॉम्प्युटरला लावतो आणि कित्येकदा फोटो उघडतच नाहीत. नावापुढे जेपीजीऐवजी एनईएफ, सीआर२, सीआर३ किंवा एआरडब्ल्यू अशी अक्षरे असतात. फाईल बिघडली असे समजून ती पुसून टाकू नका, बंधुभगिनींनो. फोटोग्राफरने खरे धन दिले आहे.

एनईएफ निकॉनची, सीआर२ व सीआर३ कॅननची, एआरडब्ल्यू सोनीची. या सगळ्यांना 'रॉ' म्हणजे कच्ची फाईल म्हणतात. पूर्वीच्या रोलची निगेटिव्ह आपण अल्बमात लावत नव्हतो, पण तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघत. ही तशीच. कॅमेऱ्याने टिपलेल्या उजेडाची नोंद तीत जशीच्या तशी असते. १४ बिटच्या रॉमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, तर जेपीजीत एका रंगाच्या फक्त २५६. जेपीजी केली की मधल्या पायऱ्या कायमच्या गेल्या.

आपल्या घरच्या लग्नात याला फार महत्त्व आहे. वधूवरांची वस्त्रे पांढरी. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे दृश्य मध्यम करडे आहे असे धरून चालतो. पांढरेच पांढरे दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. साडी करडी आणि सावळे चेहरे अंधारात! मग घाईतला फोटोग्राफर सगळ्यांना एकाच मापाने उजळतो. साडीच्या घड्या नाहीशा होतात आणि नवरी तिच्या आईलाही ओळखू येणार नाही इतकी गोरी होते. आम्हाला हे मुळीच पसंत नाही. चेहऱ्यावर पुरेसा उजेड आणणे वेगळे आणि मुलीचा रंगच बदलणे वेगळे. आपल्या लेकीच्या रंगात दुरुस्त करण्यासारखे काही नाही.

हे काम घरीही होते. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे दोन प्रोग्रॅम फुकट मिळतात. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना दोन संध्याकाळींत ते जमतील. आधी 'व्हाइट बॅलन्स' घेऊन पांढऱ्या साडीवर टिचकी मारावी; मांडवातल्या दिव्यांचा पिवळेपणा निघून जातो. (साडीला नीळ जास्त झाली असेल तर फोटो उलट पिवळा पडेल, तेव्हा सदऱ्यावर मारून पाहावी.) मग चेहरे नीट दिसेपर्यंत उजेड वाढवावा आणि शेवटी फक्त लख्ख भाग उतरवावा, म्हणजे साडीच्या घड्या परत दिसू लागतात. जिथे कॅमेऱ्यातच उजेड पार जळून गेला असेल, तिथे मात्र इलाज नाही.

मग 'एक्स्पोर्ट' करताना जेपीजी निवडावी, रंगासाठी एसआरजीबी, लांब बाजू २०४८ पिक्सेल, क्वालिटी ८५. साधारण २५ एमबीच्या रॉची ही प्रत बहुधा एक एमबीच्या आतच बसते आणि कोणत्याही मोबाईलवर उघडते. छापायची प्रत पूर्ण आकाराची, वेगळी काढावी. जेपीजीचे मानक १९९२ सालचे. तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळूरला जन्मलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये मांडले. गूगलची वेबपी २०१० पासून आहे आणि तिची फाईल आणखी लहान होते, पण घरच्या कामाला जेपीजी पुरे.

काही जण फाईलच्या नावातली एनईएफ अक्षरे खोडून जेपीजी लिहितात. त्याने फक्त पाटी बदलते. तसेच एकच जेपीजी पुन्हापुन्हा सुधारून ठेवू नये, दर वेळी ती थोडी झिजते. नवी प्रत रॉवरूनच काढावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, नाहीतर तो आपोआप आकसतो.

सगळेच फोटोग्राफर रॉ देत नाहीत. म्हणून बयाणा देतानाच पावतीवर तसे लिहून घ्या. काम झाल्यावर मागितली तर बहुधा पुसलेली असते. ५०० फोटोंच्या रॉ फाईली साधारण साडेबारा जीबी होतात, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये सहज मावतात. असे दोन घ्यावेत. एक आपल्या कपाटात, दुसरा मुलीच्या मावशीकडे किंवा आत्याकडे.